अर्जदाराशी नाते

५ एप्रिल, रविवार

वरच्या मजल्यावरच्या श्रुतीला अमेरिकेत मास्टर्सची अॅडमिशन मिळाली त्याला पंधरवडा झाला, तरी चाळीत पेढे चालूच आहेत. आई नळावर, जिन्यात, भेटेल त्याला सांगते, ‘आमच्या श्रुतीक अमेरिकेन बोलावल्यान.’ जसं काही ट्रम्पेट वाजवत माणूस आला होता न्यायला.

मी खूश आहे. इथे लिहून ठेवतो, खूश आहे.

पैशांचं काय, ते कोणी विचारत नाही. श्रु.चे पप्पा हिंदमाताला साड्यांच्या दुकानात. बाईच्या चेहऱ्यावरून ओळखतात कुठला गठ्ठा उघडायचा. पगार मात्र पाकिटातून, रोख. आज गॅलरीत ती म्हणाली, ‘बँक पगाराची स्लिप मागते. पप्पांना स्लिप म्हटलं तर ते साडीवरची किमतीची चिठ्ठी काढून देतील.’ हसली. मग हसली नाही.

मी म्हटलं, लोनचं मी बघतो.

‘तू?’

एवढंच. टी.वाय.ला सबमिशनवरून एचओडीच्या टेबलावर फाईल आपटून बाहेर पडलो तो परत गेलो नाही, हे तिला माहीत आहे. सगळ्या चाळीला माहीत आहे. तरी लागलं. आता तर बघणारच.

८ एप्रिल

दिवसभर स्कूटरला थंड पेटी बांधून लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करत फिरतो. परळला हॉस्पिटलच्या गेटवर थांबायला लागतं तेव्हा मोबाइल. आज तिच्या युनिव्हर्सिटीची साइट वाचून काढली. सगळं कळलं!!

फेडरल स्टुडंट लोन. फेडरल म्हणजे त्यांचं केंद्र सरकार. तेच कर्ज देतं. डिग्री करणाऱ्यांना एक प्रकार असा की शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. मास्टर्सवाल्यांना तो नाही, त्यांचं व्याज पहिल्यापासून चढतं. पण हप्ता शिक्षण संपल्यावर. आणि जामीन लागत नाही. बापाची स्लिप लागत नाही. म्हणजे पप्पांचा प्रश्नच मिटला.

संध्याकाळी गॅलरीत तिला पेपराच्या कडेवर आकृती काढून समजावलं. शिकतानाचं व्याज इकडे, नंतरचा हप्ता तिकडे. हनुवटीला हात लावून ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, ‘छान समजावलंस. आता त्या पानावरची पहिली ओळ वाच.’

पहिली ओळ. फक्त त्यांच्या नागरिकांना, नाहीतर तिथे कायमचं राहायची परवानगी असलेल्यांना.

‘मग आधी का नाही बोललीस?’

‘इतका रंगात आला होतास.’

चिडलो. तिच्यावर की अमेरिकेवर, ठाऊक नाही. जेवताना ताट सरकवलं तर आई म्हणते, ‘भातार कित्याक राग?’

११ एप्रिल, शनि.

पप्पा, श्रु. आणि मी. सरकारी बँक. एवढ्या मोठ्या रकमेला तारण पाहिजे म्हणाले. पप्पा आरामात होते, खिशात रूमचे कागद. ‘लालबागला रूम आहे आपली. आता भाव काय चाललाय माहीत आहे ना साहेब?’

साहेबांनी कागद उलटसुलट केले. ‘ही पागडीची आहे. तुम्ही भाडेकरू. दुसऱ्याची जागा कशी गहाण ठेवणार?’

‘दुसऱ्याची कशी? माझ्या वडलांपासून राहतोय आम्ही.’

‘राहताय. मालक नाही.’

हे पप्पांना माहीत नव्हतं असं नाही. दर महिन्याला भाड्याची पावती तेच घेतात. पण ‘आपली रूम’ म्हणून म्हणून ती आपलीच झाली होती. आमचीसुद्धा. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस मागवला आणि ग्लास हातातच धरून उभे राहिले. श्रु. त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी करत होती. मला त्या साहेबाला दोन शब्द सुनवायचे होते. तिने डोळ्यांनीच गप्प केलं.

मंजूर नाही झालं तर ती जाणार नाही. हे वाक्य डोक्यात आलं आणि बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून कसंतरी झालं.

१५ एप्रिल

प्रभादेवीला काचेच्या बिल्डिंगीत खासगी लोनवाले. समोर आमच्याच वयाचा पोरगा, टाय घातलेला. तारण नको म्हणाला. व्याज जास्त, आणि शिकतानाही दर महिन्याला थोडं भरायचं. पण सहअर्जदार पाहिजे, पगारवाला. रक्ताच्या नात्यातला, किंवा लग्न झालेलं असेल तर नवरा, सासरे.

‘कोणी काका-मामा? सरकारी नोकरीत असतील तर लगेच होईल.’

श्रु. ताबडतोब, ‘आहेत ना. काका आहेत. महापालिकेत.’

मी विचार करत बसलो, हिला कुठले काका? पप्पा तर एकटेच. खाली पार्किंगमध्ये डोक्यात प्रकाश.

‘तू माझ्या बाबांबद्दल बोललीस?’

‘मग? मला दुसरे कोण काका आहेत?’

खरंच तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. चालायला लागल्यापासून ती त्यांना काका म्हणते. टायवाल्याने तिथेच तिच्याकडून फॉर्म भरून घेतला, मोबाइलवर. ‘अर्जदाराशी नाते’ याच्यावर बोट ठेवलं की यादी उघडते. वडील, आई, भाऊ, बहीण, पती, सासरे, काका. तिने काका दाबलं.

बाबांना संध्याकाळी विचारलं. बाबा पालिकेच्या पंपांवर, पाणी तुंबलं की उपसायचं ते खातं. रिटायरला अजून काही वर्षं आहेत. त्यांनी चष्मा शोधला. ‘सही खय करूची ता सांग.’

आई : ‘पैसे आपणाक भरूचे लागतले काय?’

बाबा : ‘तां भरतला. शिकान साहेब होतला, तेका काय जड?’

पगाराच्या स्लिपा ट्रंकेतून काढून, उजेडात धरून, मला दिल्या.

१९ एप्रिल, रवि.

माझ्या दोस्ताला, रोह्याला, सांगायला नको होतं. नाक्यावर चहा घेताना सांगितलं. तो विचार करून म्हणतो, ‘थांब हां. तुझे बाबा तिचे काका. मग तू कोण?’

‘कोण म्हणजे?’

‘चुलतभाऊ रे! लोन पास झालं की राखी बांधून घे. ओवाळणीत हप्ता टाक.’

त्याची कॉलर धरली. चहा सांडला, त्याच्या नव्या पँटवर. चहावाला ओरडला, ‘ए संक्या, भांडण तिकडे कर.’ रोह्या हसतच होता, म्हणून जास्त राग.

घरी आलो. ती जिन्यात भेटली. ‘काय झालं तोंडाला?’ म्हणाली. मी काही नाही म्हटलं आणि वर न बघता आत.

चुलतभाऊ.

माझ्या मनातलं मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. दहावीपासून. आधी वाटायचं डिग्री झाली की सांगू. मग डिग्रीच राहिली. आता सांगायला जावं तर कागदावर मी तिचा

२४ एप्रिल

मेसेज आला : तत्त्वतः मंजूर. ती तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली, केस ओले, आणि आईच्या समोर माझे दोन्ही हात धरून उड्या. ‘झालं संकेत, झालं!’ आईने देवाजवळ साखर ठेवली.

मी पण उड्या मारल्या. खोटं कशाला लिहू, मारल्या.

दुपारी टायवाल्याचा फोन. एक छोटी गोष्ट राहिली आहे म्हणे. काकांचं आणि अर्जदाराचं आडनाव वेगळं, गाव वेगळं. नात्याचा पुरावा लागेल. श्रु. म्हणाली, ‘पुरावा कसला? मी लहानपणापासून काकाच म्हणते.’

मग, ‘मॅडम, सख्खे काका नाहीत?’

‘शेजारचे.’

मग तो हळू आवाजात, ‘हे मी ऐकलं नाही. स्टॅम्प पेपरवर अॅफिडेव्हिट करून आणा. वडलांचे मावसभाऊ वगैरे लिहा. सगळे लिहितात. कोण बघतंय?’

फोन स्पीकरवर होता. बाबा दारात बूट काढत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच बूट काढून बसून राहिले.

२६ एप्रिल, रवि.

बाबा दोन दिवस धड बोलत नाहीत. आज पप्पा खाली आले. दोघं गॅलरीत, मी आत कांदा चिरत, कान बाहेर.

पप्पा : ‘तुमच्या नोकरीला धक्का लागत असेल तर नको. पोरीचं बघू काहीतरी.’

बाबा : ‘मी तेचो काका आसय, ह्या खोटा नाय. कोणी इचारल्यान तर छाती ठोकून सांगान. पण मावसभाव म्हणून शपथ घेवची म्हणजे... तुझी मावशी खय, माझी आवस खय.’

पप्पा हसले. बाबाही. मग पप्पा वर गेले, काही न ठरवताच. बाबा नाही म्हणत नाहीत. म्हटले तर तिचं जाणं थांबेल, आणि ते त्यांच्यामुळे थांबेल. सही केली तर खोट्या शपथेवर, सरकारी नोकर. पेन्शन डोळ्यासमोर आलेली. रोज जेवून झाल्यावर विडी ओढायचे, तीही विसरतात.

युनिव्हर्सिटीला पैशांचा कागद मेअखेर द्यायचा. तो गेला की ते पुढचं पत्र देणार, मग व्हिसा. सगळं एका रकान्यापाशी येऊन थांबलंय.

२८ एप्रिल

झोप नाही. नखं संपली, आता कातडं.

आज हॉस्पिटलच्या गेटवर बसलेलो असताना सुचलं. इतकं सोपं की हातातली नळ्यांची पिशवी पडता पडता वाचली. त्या यादीत ‘शेजारी’ नाही. पण ‘सासरे’ आहे.

रजिस्टर लग्न. नोटीस दिली की महिन्याने. म्हणजे जूनमध्ये. युनिव्हर्सिटीकडून थोडी मुदत मागायची, देतात असं वाचलं. अॅफिडेव्हिट नको, मावसभाऊ नको, बाबांना शपथ खरी घेता येईल. ती जाईल. आणि तरीही

मग व्हिसाचंही वाचलं. विद्यार्थिनीच्या नवऱ्याला तिथे जाता येतं. त्याला म्हणतात ‘डिपेंडंट’. काम करायची परवानगी नाही. म्हणजे ती शिकणार आणि मी तिच्या खोलीत बसून भात लावणार. वाचून हसू आलं, आणि खरं सांगायचं तर चाललं असतं.

कोणाला बोललो नाही. हे मी तिच्यासाठी करतोय की माझ्यासाठी? बाबांसाठी. सगळ्यांसाठी. चूक काय आहे यात?

१ मे

सुट्टी. करी रोडच्या पुलावर गेलो दोघं, सकाळी. तिने निळा कुर्ता घातला होता. मी पाठ करून गेलो होतो आणि उलटं बोललो. आधी यादी, मग सासरे, मग नोटीस, मग मुदत. एचओडीसमोर प्रोजेक्ट मांडतात तसं.

तिने पूर्ण ऐकलं. ती नेहमी पूर्ण ऐकते.

‘म्हणजे तुझे बाबा माझे सासरे झाले की काम होतं.’

‘हो.’

‘मग त्यांना विचार. मला कशाला विचारतोस?’

‘असं नाही. म्हणजे तेवढंच नाही.’

‘मग बाकीचं काय आहे? ते बोल.’

तेव्हा बोलायचं होतं. एवढं समोर आलं होतं. आणि नेहमीसारखं, बोलता येत नाही तेव्हा येतो तो राग आला. ‘तुला जायचंच आहे ना? मग कसंही जा! मी उपाय काढतोय आणि तू उलटतपासणी करतेस!’

पुलावरचा भेळवाला बघायला लागला. तिचा आवाज वाढला नाही. ‘संकेत, तू मला मागणी घातलीस की माझी फाईल पूर्ण केलीस? मलाच कळलं नाही रे.’ डोळे भरले होते पण पडू दिले नाहीत. ‘आणि बाकीचं जे काय आहे ते इतकी वर्षं का नाही बोललास? लोन अडकायची वाट बघत होतास?’

गेली. मी बघत राहिलो. मागे जायला पाहिजे होतं.

४ मे

ती जिना बदलून जाते. पलीकडच्या जिन्याने.

प्रभादेवीला नमुने आणायला गेलो. सिद्धिविनायकाची रांग रस्त्यापर्यंत. स्कूटर बाजूला घेऊन बाहेरूनच हात जोडले. काय मागू? मंजूर होऊ दे म्हटलं तर जीव नाही म्हणतो. नको होऊ दे म्हटलं तर तिचे ओले केस आणि उड्या आठवतात. मागचा टॅक्सीवाला, ‘ओ भाऊ, देवाशी नंतर बोला, गाडी काढा.’ काढली. काहीच मागितलं नाही.

७ मे

पप्पांकडून कळलं. श्रु.ने टायवाल्याला स्वतः मेल केला. काका म्हणजे शेजारी, रक्ताचं नातं नाही, खोटं अॅफिडेव्हिट देणार नाही. मंजुरी थांबली.

बाबांनी ऐकलं आणि बराच वेळ टॉवेलने तोंड पुसत राहिले. ‘चेडवान माका सोडवल्यान,’ म्हणाले. पोरीने सोडवलं, तरी सुटल्यासारखे दिसत नव्हते.

मी सरळ प्रभादेवी. सिक्युरिटीने अडवलं, मी आवाज चढवला, टायवाला डब्यातला घास तोंडात घेऊन बाहेर आला. म्हटलं, खोटं लिहिलं तर चालतं आणि खरं लिहिलं की फाईल बंद? कसली कंपनी तुमची? बरंच बोललो. टाय पकडायची फार इच्छा होती, हात खिशात ठेवले. तो घास गिळून म्हणाला, ‘भाऊ, बंद नाही केली. वर पाठवलीय. जामीनदार, कौटुंबिक स्नेही असा अपवाद मागितलाय. क्वचित होतं. तुमच्या मॅडमचा मेल मी तसाच जोडलाय. बसा, पाणी घ्या.’

पाणी घेतलं. सॉरी म्हणालो का? म्हणालो वाटतं. ‘घरी माणूस येईल चौकशीला,’ तो म्हणाला. ‘त्याच्यासमोर असं करू नका.’

संध्याकाळी तिला मेसेज केला, वर पाठवलीय म्हणून. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१४ मे

चौकशीवाला आला. हेल्मेट काखेत, टॅबलेट हातात, घामाने डबडबलेला. आमच्याच खोलीत सगळे. पप्पा दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन, श्रु. दाराच्या चौकटीला टेकून. पुलानंतर पहिल्यांदा एका खोलीत.

तो बाबांना : ‘अर्जदाराशी नाते?’

‘शेजारी.’

‘किती वर्षांपासून ओळख?’

‘तां जन्माक येवच्या आधीपासून.’

‘ते लिहिता येणार नाही. आकडा सांगा.’ बाबा बोटं मोजायला लागले, आईने मध्येच सांगून टाकलं.

‘कर्ज थकलं तर तुमच्या पगारातून जाईल. माहीत आहे?’

‘माहीत आसा.’

‘मग कशाला उभे राहताय?’

बाबा त्याच्याकडे बघत राहिले, प्रश्न समजला नसल्यासारखे. आई म्हणाली, ‘अरे बाबा, चाय घे आधी.’ त्याने घेतला. मग खोलीतली माणसं मोजून घेतली. माझ्याकडे आला. काम काय, पगार किती, शिक्षण. ‘टी.वाय. अर्धवट,’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कारण न जोडता म्हटलं.

‘तुमचं अर्जदाराशी नाते?’

श्रु. माझ्याकडे बघत होती. मदत करत नव्हती, अडवतही नव्हती. वाटलं, आता सगळ्यांसमोर, पप्पांसमोर, या घामट माणसासमोर बोलून टाकावं. बोललो असतो तर? बाबा शेजारी, आणि मुलगा भलतंच काही. त्याने टॅबलेटवर काय दाबलं असतं? फाईल परत संशयात.

‘शेजारी,’ मी म्हटलं.

त्याने दाबलं. ती वर निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज मी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकला.

१९ मे

वरून निर्णय आलेला नाही. टायवाला म्हणतो, हो पण होऊ शकतं, नाही पण. पप्पा दुकानात फोन समोर ठेवून साड्या दाखवतात. आज एका बाईने मोतिया रंग मागितला तर शेंदरी उघडून दिली म्हणे. असं त्यांचं कधी होत नाही.

आज पाणी भरताना तिला म्हटलं. हंडा नळाखाली, दोघांच्यात अंतर तेवढंच. कोणी नव्हतं. म्हटलं, ‘पुलावर जे बोललो ते लोनसाठी नव्हतं. लोन नसतं तरी तेच होतं. दहावीपासून आहे. तुला उत्तर द्यायला लागू नये म्हणून सांगतो, उत्तर नको. जा तू. पास होऊ दे आणि जा.’

हंडा भरून वाहायला लागला. तिने नळ बंद केला नाही, मीही नाही.

‘आज ओरडला नाहीस,’ ती म्हणाली. आणि हंडा घेऊन वर.

बोललो एकदाचा. आता तर जास्तच भीती वाटतेय.

२३ मे, शनि.

फोन नाही. आठवडा संपला, महिना संपत आला.

ती दुपारी खाली आली. आईला हाक मारली, ‘काकी, जेवलात?’ आणि माझ्या शेजारी गॅलरीत बसली. मोबाइलवर व्हिसाचा फॉर्म. मंजुरी येवो न येवो, भरून ठेवते म्हणाली, नंतर धावपळ नको. एकेक प्रश्न वाचून दाखवत होती, मी पासपोर्ट धरून स्पेलिंग सांगत होतो. बरं चाललं होतं. मग थांबली.

‘इथे विचारलंय, वैवाहिक स्थिती.’

‘मग?’

‘सिंगल लिहिते. चालेल?’

‘मला काय विचारतेस? तसंच आहे ना.’

‘तसंच आहे,’ ती म्हणाली. ‘पण विचारलं.’

माझ्याकडे बघत होती. बोट काचेच्या जरा वर, टेकवलं नव्हतं. खाली कोणीतरी मोटरसायकल चालू केली, आई आतून विचारत होती ताक कोणाला पाहिजे.

‘लिही,’ मी म्हटलं.

तिने लिहिलं. पुढचा प्रश्न वाचला. आवाज जरा बसला होता तिचा, की मलाच तसं वाटलं. मी पासपोर्ट उलटा धरला होता, तिने सरळ करून परत हातात दिला.

टायवाल्याचे दोन मिस्ड कॉल दिसतायत आता. परत लावतोय, लागत नाही.